अकरा नंबरचं कार्ड

१

रोज सकाळी दहा वाजता जुन्या वस्तीच्या कमानीखाली दहा-पंधरा माणसं जमत. कोणाच्या गळ्यात कॅमेरा, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, एखाद्याच्या पायात कोरे करकरीत बूट. ते बूट तासाभरात चावणार हे गाइडला लांबूनच कळायचं. मग तो कमानीच्या पायरीवर चढायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "मंडळी, आता दोन तास मान वर ठेवायची. खाली बघून चालायची सवय असेल तर ती परत जाताना घेऊन जा." बावीस वर्षं तोच विनोद, आणि बावीस वर्षं लोक हसत आले होते.

गाइडची बायको रांगेच्या शेवटी चालायची. हातात काळी छत्री, रेंगाळणाऱ्यांना हाकायला. पण तिचं खरं काम ह्याच्या आधीचं. दप्तरखान्यात बसून ती जुनी खरेदीखतं, नकाशे, जन्ममृत्यूच्या नोंदी वाचायची आणि एकेका घराचं एकेक कार्ड लिहायची. घर कोणी बांधलं, खिडकीवरची दगडी फुलं कोणी कोरली, वरच्या मजल्यावरून कोण कोणाशी भांडलं, सगळं त्या कार्डावर. दप्तरखान्यात तिला टिपणबाई म्हणत. ते नाव इतकं चिकटलं की नवराही थट्टेने तेच म्हणायचा. लिहून झालेलं कार्ड ती दाराजवळच्या फळीवर ठेवायची, आणि निघताना तो ते खिशात टाकायचा.

दोघांत एकच नियम होता: कार्ड नाही तर गोष्ट नाही. ज्या घराचा कागद सापडला नाही, त्याच्यासमोरून मुकाट्याने पुढे जायचं. गाइडच्या जिभेला हाड नव्हतं, हे टिपणबाईंना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. हा नियम त्यांनीच घातलेला.

अकरा नंबरचं घर त्या नियमाची परीक्षा बघायचं. वस्तीतलं सगळ्यात देखणं घर तेच. तीन मजले, लोखंडी वेलबुट्टीचे सज्जे, दारावर रंगीत काचांचं अर्धं वर्तुळ, खिडक्यांना हिरव्या झडपा. आणि कागद एकही नाही. कोणी बांधलं नाही, कोणी राहिलं नाही, कोणी विकलं नाही, अशा थाटात ते कुलूप लावून उभं होतं. लोक हटकून तिथेच थांबायचे, फोटो काढायचे, विचारायचे, "हे कोणाचं हो?" गाइड म्हणायचा, "माहीत नाही," आणि दात दुखत असल्यासारखं तोंड करून पुढे निघायचा.

आठ महिन्यांपूर्वी टिपणबाईंचा उजवा गुडघा बिनसला. डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितली. तेव्हापासून त्या फेरीला गेल्या नव्हत्या. रिक्षाने दप्तरखान्यात जायचं, रिक्षाने यायचं, एवढंच.

२

"काय हो टिपणबाई," दप्तरखान्यातला कारकून एक दिवस म्हणाला, "एवढं मोठं घबाड सापडलं आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत?"

"कसलं घबाड?"

"अकरा नंबरचं! माझी मेहुणी परवा तुमच्या फेरीला आली होती. त्या घरासमोर ढसाढसा रडली म्हणे."

"अकरा नंबरचा कागदच नाही आपल्याकडे."

"तेच तर म्हणतोय मी." कारकून पुढे झुकला. "आत दाराच्या चौकटीवर एका मुलीच्या उंचीच्या खुणा आहेत म्हणे. पेन्सिलीच्या. दर वाढदिवसाला एक."

टिपणबाईंनी चष्मा काढला. चष्म्याच्या काचा पुसल्या, समोरचं पुडकं बांधलं आणि वेळेआधीच घरी निघाल्या.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर अशा खुणा होत्या. चार. त्यांची मुलगी चिटू साडेचार वर्षांची होऊन गेली, त्याला आता सोळा वर्षं झाली होती. तेव्हापासून घराला तीनदा रंग लागला, आणि तिन्ही वेळा त्यांनी रंगाऱ्याला बजावून तेवढी वीतभर रुंदीची चौकट सोडायला लावली होती. बाकीचं दार पांढरं आणि तेवढी पट्टी पिवळट. पाहुण्यांना ते विचित्र दिसायचं. दिसू दे.

पट्टी तशीच पिवळट होती. खुणा नव्हत्या.

त्यांनी दिवा लावला, बोट फिरवलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. पेन्सिलच ती, पुसली जायचीच. वाफ असते, हात लागतात, सोळा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. मनाची समजूत घालण्यात त्या मुळीच कच्च्या नव्हत्या. पण गेल्याच महिन्यात दूध उतू गेलं तेव्हा त्या ह्याच चौकटीला टेकून उभ्या होत्या, आणि सगळ्यात वरची खूण त्यांच्या कमरेशी होती. हे त्यांना चांगलं आठवत होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्या न सांगता फेरीला गेल्या. गुडघ्याला पट्टा बांधला, छत्री घेतली आणि मंडळी कमानीतून आत शिरल्यावर मागून रांगेला चिकटल्या. गाइड पुढे बोलत होता, त्याला दिसल्या नसाव्यात.

पहिली दहा घरं त्यांच्याच कार्डांप्रमाणे झाली. शब्द न् शब्द. त्यांना जरा बरं वाटलं. मेहुणीने चार घरांचं एकत्र कालवलं असेल, आणि कारकुनाने त्यात आपलं मीठ घातलं असेल.

अकरा नंबरसमोर गाइड थांबला. एरवी तो घराकडे पाठ करून लोकांशी बोलायचा. इथे तो घराकडे तोंड करून उभा राहिला आणि आवाज खाली आणून बोलू लागला.

"इथे एक बाप आणि त्याची मुलगी राहायची. मुलीची आई, मूल चार वर्षांचं असतानाच गेली. बापाने एकट्याने वाढवलं. सकाळी कामाला जाताना तिला खांद्यावर घेऊन जिना उतरायचा. ही पोरगी मोज्यांना काय म्हणायची माहितीये? पायपिशव्या."

लोक हसले. तो शब्द चिटूचा होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर स्टूल ओढल्याचा आवाज झाला. फरशीवरून लाकूड घासत न्यावं तसा, जरासा लांबलेला. लोकांपैकी कोणी वर पाहिलं नाही. जुन्या घरात आवाज होतातच. पण गाइड नेमका तेवढा वेळ गप्प राहिला होता. आपल्याबरोबरच्या माणसाला बोलायला जागा द्यावी, तसा. आवाज थांबल्यावर त्याने मान हलवली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "आईविना पोर वाढवणं सोपं नाही हो."

टिपणबाई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

४

"कार्ड नव्हतं," संध्याकाळी त्या म्हणाल्या.

गाइड चहा गाळत होता. त्याचा हात थांबला नाही. "आलीस होय तू? मला वाटलंच, छत्री दिसली."

"आपली चिटू तुम्ही त्या लोकांपुढे मांडलीत. पायपिशव्या! तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

"लोक रोज तिथे थांबतात. रोज विचारतात. बावीस वर्षं नुसतं माहीत नाही, माहीत नाही." त्याने कप त्यांच्यापुढे सरकवला. "एक दिवस तोंडून गेलं. चौकटीच्या खुणांचं. मग..."

"मग काय?"

"मग काही नाही. चहा घे."

"चौकटीवरच्या खुणा गेल्यात आपल्या."

त्याने चौकटीकडे पाहिलं नाही. ज्याच्या घरातून काही गेलं असं कळतं तो माणूस निदान तिकडे बघतो. टिपणबाईंच्या मनात तिथे पाल चुकचुकली.

"आणि मला का मारलंत?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"आईला. गोष्टीतल्या."

"गोष्टीला लागतं तसं," तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर कधी बोट ठेवलंय का मी? सोळा वर्षं सांगतोय, तुझी चूक नव्हती. तापच तसा होता."

हे तो नेहमी म्हणायचा. त्या दिवशी तो फेरीवर होता आणि चिटूपाशी घरी त्या एकट्या. ताप सकाळी उतरेल असं त्यांना वाटलं, दुपारीही वाटलं. तुझी चूक नव्हती, ह्या तीन शब्दांवर त्या सोळा वर्षं तग धरून होत्या.

रात्रीची भांडी घासताना त्यांनी तो शब्द मनात म्हणून पाहिला. पायपिशव्या. शब्द होता, पण त्यामागचा आवाज नव्हता. शेजारणीच्या नातवाचं बोलणं कोणी सांगावं आणि आपण बरं बरं म्हणावं, तसा तो वाटला. त्यांनी नळ बंद केला आणि बाकीचं चाचपून पाहिलं. खांद्यावरून जिना उतरणारी चिटू? दिसेना. तेही त्याने सकाळी सांगितलं होतं. त्याने न सांगितलेलं मात्र होतं: भाताच्या ताटात झोपलेली चिटू, कापलेल्या केसांची बट, कानामागचा तीळ. ते सगळं जागच्या जागी होतं.

चिटूचं दुसरं काही त्यांच्यापाशी उरलंच नव्हतं. एवढीच होती ती आता. आणि तो ती रोज दहा वाजता थोडी थोडी वाटत होता.

५

अकरा नंबरच्या समोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. टिपणबाई दोन दिवसांनी तिथे जाऊन बसल्या. गुडघा दुखतोय म्हणाल्या, ते खोटंही नव्हतं.

"साहेब रोज जातात की आत," घड्याळवाला डोळ्याची काच न काढता म्हणाला. "फेरी संपली की. तासभर असतात. किल्ली आहे त्यांच्याकडे. मला वाटलं तुम्हीच घेतलंत घर."

"काय करतात आत?"

"सामान नेतात. आधी पाटी-दप्तर नेलं. मग छोटी सायकल. मग मोठी सायकल." तो थांबला. काहीतरी नको ते बोलून गेलो असं त्याला वाटलं असावं. "गेल्या आठवड्यात बायकांच्या चपला होत्या हातात. मी म्हटलं, तुमच्यासाठीच घेतल्या असतील."

खरं सांगायचं तर टिपणबाईंना थोडं हायसंच वाटलं. दुसरी बाई. दुसरं मूल. बाहेर घर केलंय ह्याने. संताप आणणारी गोष्ट, पण जगात घडणारी. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. अशा बाईच्या झिंज्या धरता येतात, अशा नवऱ्याला घराबाहेर काढता येतं.

बारा वाजता गाइड आला, कुलूप काढून आत गेला. त्या पाच मिनिटं थांबल्या आणि रस्ता ओलांडला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत थंड होतं. काळ्या-पांढऱ्या फरशा, डावीकडे वर जाणारा जिना, उजवीकडे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या दाराला पांढरा रंग आणि चौकटीची वीतभर पट्टी पिवळट. तिच्यावर खुणा होत्या. खालच्या चार त्यांनी लगेच ओळखल्या. शेजारच्या तारखा त्यांच्याच अक्षरात होत्या. पण खुणा चारवर थांबल्या नव्हत्या. पाचवी, सहावी, सातवी, अक्षर गाइडचं. त्या वर वर गेल्या होत्या. सगळ्यात वरची टिपणबाईंच्या भुवईशी आली होती.

वर गाइड हसला. घरी तो असा हसल्याला किती वर्षं झाली होती. मग तो गप्प झाला, ऐकत असल्यासारखा, आणि मग म्हणाला, "अगं, हळू, पडशील." पावलं वाजली. त्याची नव्हेत. हलकी, अनवाणी, घरात वाढलेल्या माणसाची पावलं, जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबलेली.

टिपणबाई बाहेर पडल्या. जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं त्या स्वतःला घरी पोहोचेपर्यंत सांगत होत्या.

६

मग त्यांनी जे येत होतं ते केलं. लिहायला बसल्या.

दप्तरखान्यात जन्म घालवलेल्या बाईला एक पक्कं ठाऊक असतं: माणूस विसरतो, कागद विसरत नाही. त्याने अजून न सांगितलेली चिटू त्यांनी कार्डांवर उतरवायला घेतली. एका कार्डावर कानामागचा तीळ. एकावर चिटू झोपताना धरायची ती बोटं, आईचीच, बापाची नव्हेत. शेवटच्या कार्डावर तापाचा दिवस, तास न् तास, काही न लपवता. आणि अगदी वर, पहिल्या ओळीत, मुलीचं पाळण्यातलं पूर्ण नाव.

चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी, गाइड आंघोळीला गेला असताना, शेवटची ओळ झाली. त्यांनी गठ्ठा जुळवला, दोरा बांधला, आणि चार दिवसांचा शीण एकदम अंगावर आला म्हणून जरा आडव्या झाल्या.

डोळा उघडला तेव्हा दहा वाजून गेले होते. टेबलावर गठ्ठा नव्हता. खणात नव्हता. मग त्यांना आठवलं. झोपायला जाताना बावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी तो दाराजवळच्या फळीवर ठेवला होता. फळी रिकामी होती.

तो चुकून घेऊन गेला असेल, असं मानायला त्यांनी एक क्षण घेतला. पण वरच्याच कार्डावर, पहिल्याच ओळीत, चिटूचं नाव होतं.

७

रिक्षा कमानीपाशी सोडावी लागते, आत जात नाही. तिथून अकरा नंबर दहा मिनिटांवर. टिपणबाई छत्री टेकत निघाल्या. गर्दीपुढे उभं राहून काय बोलायचं हे त्यांनी रिक्षातच ठरवलं होतं. त्याच्या बोलण्याने जर सगळं तिकडे जात असेल, तर आपणही बोलू शकतो. आई गेली नाही, आई आहे, ही मी. बस, एवढंच.

चालताना त्या एकेक गोष्ट घोकत होत्या. कानामागचा तीळ, केसांची बट, ताटातली झोप, धरलेली बोटं. दगडी घोड्यांच्या घरापाशी आल्या तेव्हा तीळ कोणत्या कानामागे होता ते सुचेना. फरसबंदी जिन्यापाशी तीळ कोणाला होता तेच सुचेना. त्यांनी पाय उचलला. पाणपोईच्या कोपऱ्यावर त्या थांबल्या, भिंतीला हात टेकला, आणि मुलीचं नाव मोठ्याने म्हणायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं.

वळणावरून गाइडचा आवाज येत होता. संथ, छान, प्रत्येक शब्दाला वेळ देणारा. कार्ड वाचतानाचा त्याचा आवाज.

"आई गेली नाही!" त्या गर्दीत घुसत ओरडल्या. "खोटं सांगतायत हे! आई आहे!"

पंधरा माथी वळली. गाइड पायरीवर उभा होता, हातात गठ्ठा, शेवटचं कार्ड वर. एका तरुण बाईने टिपणबाईंचा दंड धरला आणि मायेने विचारलं, "तुम्ही ओळखता का त्यांना? काय झालं होतं मग?"

टिपणबाईंनी सांगायला सुरुवात केली. म्हणजे ओठ हलले. छातीत काहीतरी मोठं, जड, त्यांचं स्वतःचं असं होतं, एवढं कळत होतं. हात घालावा तर आत नुसती पोकळी.

"ह्या आमच्या टिपणबाई," गाइड लोकांना म्हणाला. "दप्तरखान्यातलं काम बघतात. उन्हातून आल्यात बिचाऱ्या. बाई, जरा सावलीत बसून घ्या." आणि त्यांच्याकडे न बघता त्याने शेवटचं कार्ड शांतपणे वाचून संपवलं. ताप, सकाळ, दुपार. लोकांनी नाकं पुसली. टिपणबाईंनाही वाईट वाटलं, कोणाच्याही मुलाबद्दल वाटावं तेवढं.

वरची हिरवी झडप उघडली. लोक कॅमेरे बंद करण्यात गुंतले होते, त्यामुळे वर पाहिलं ते दोघांनीच. विशी ओलांडलेली एक मुलगी कठड्यावर कोपर टेकून उभी होती. हनुवटी अगदी टिपणबाईंची. तिने खालच्या गर्दीवरून नजर फिरवली, आपल्या दारात रोज जमणाऱ्या लोकांवरून फिरवावी तशी. टिपणबाईंवर ती क्षणभर थांबली. टिपणबाईंनी हात वर केला. मुलीने ओळख नसलेल्या माणसाला देतात तेवढंच हसू दिलं, आणि नजर पुढे नेली.

"बाबा, आटपा ना," ती म्हणाली.

फेरी आज इथेच संपली होती, लोक कमानीकडे परत निघाले. गाइड पायरी उतरून आला आणि गठ्ठा टिपणबाईंच्या हातात ठेवला. अक्षर त्यांचं होतं. मजकूर कोणाच्या तरी घरचा.

"असं का केलंत?" त्यांनी विचारलं. नेमकं काय केलं हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्याने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं काहीतरी त्याच्या तोंडावर उघडं पडलं होतं.

"त्या दिवशी घरी तू होतीस," तो म्हणाला.

मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि दाराकडे वळला. टिपणबाई उन्हात उभ्या राहिल्या. कोणत्या दिवशी, हे त्यांना काही केल्या आठवेना. पण ह्या माणसाने आपल्याला कधीच माफ केलं नव्हतं, एवढं मात्र कळलं.